एकट्या तारेतल्या लाटा

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. मी यात पदरचं काही घातलेलं नाही. ही गोष्ट माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडली. तीही भर दुपारी, खिडक्या सताड उघड्या असलेल्या खोलीत.

मामा आणि माझे वडील मिळून पियानो हलवायचं काम करायचे. मामा त्यांना दाजी म्हणायचा. झाकण बांधायचं, रजई गुंडाळायची, पट्टा आवळायचा... आणि जिन्यात खालच्या बाजूला नेहमी दाजी. खरा भार खालच्या माणसावरच येतो.

संगीत शिकवणाऱ्या एका बाईंकडे पियानो चढवताना तो जिन्यात सुटला.

दाजी गेले.

पट्टा सटकला, असं मामाने सगळ्यांना सांगितलं. माझ्या आईलाही.

पियानोला मात्र फारसं काही झालं नव्हतं. दुसऱ्या माणसांनी तो वर नेऊन ठेवला. जागा बदलली की तिथल्या हवेने तारा उतरतात, म्हणून काही आठवडे थांबून बाईंनी तारा सुरात लावणाऱ्या ट्यूनरला बोलावलं.

आणि ट्यूनरने मामाला. पियानो भिंतीपासून ओढून मागून तपासायचा होता.

जायचं होतं त्याच जिन्याने. तरी तो गेला.

पियानो ओढून झाल्यावर ट्यूनरने त्याला समजावलं. एका सुराला तीन तारा असतात. त्यांच्यात किंचित फरक राहिला की आवाजाला लाटा येतात... वाँव... वाँव... तारा जुळत आल्या की लाटा मंदावतात. जुळल्या की थांबतात.

मग त्याने नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पाचर खोचून दोन तारा मुक्या केल्या. एकच मोकळी ठेवली. पट्टी दाबली.

वाँव... वाँव...

"तारेतच खोट असेल म्हणून मी नवी घालून पाहिली," ट्यूनर हळूच म्हणाला. "तरी तेच. दुसरं कुणीतरी सूर धरतंय."

त्याने खुंटी पिळून तार चढवली.

तो दुसरा सूरही चढला.

ट्यूनरने पट्टी सोडली. तार गप्प झाली...

सूर गप्प झाला नाही.

पियानोच्या मागून, जमिनीलगतून येत होता तो. दात आवळून, नाकातून काढलेला हुंकार. जड वजन पेलताना माणूस काढतो तसा.

कामावर मामाने तो रोज ऐकला होता.

मामा पुढे झाला. वाकून त्याने पियानोच्या एका बाजूला हात घातला, उचलली...

आणि दुसरी बाजूही उचलली गेली.

तिकडे कोणी नव्हतं. बाई दारात होत्या. ट्यूनर खिडकीला चिकटला होता.

मामाचे दंड थरथरू लागले. ट्यूनर विनवत होता, खाली ठेवा, खाली ठेवा. पण मामाला पुन्हा आधी सोडायचा धीर होईना.

"दाजी, पट्टा सटकला नव्हता," तो म्हणाला. "माझी बोटं कठड्यात चिरडत होती. मी हात काढून घेतला."

हुंकार थांबला.

पलीकडची बाजू आधी टेकली. अगदी अलगद. मग मामाने आपली टेकवली.

ट्यूनरने पट्टी दाबली. सूर सरळ होता, स्वच्छ.

मामा तिथून तडक आमच्याकडे आला. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून त्याने आईला सगळं सांगितलं. मी तिथेच होतो. ती आता हाकलून देईल, असं मला वाटलं.

आईने एवढंच विचारलं, "म्हणजे इतके दिवस ते तसेच भार घेऊन उभे होते?"



दुसऱ्या दिवशी आई एकटीच त्या बाईंच्या घरी जाऊन आली.

मामा अजून येतो. आई त्याला जेवायला वाढते, ख्यालीखुशाली विचारते. कधीतरी मान खाली घालून तो विचारतो, "ताई, तिथे कुणी होतं का गं?"

आई उठून दुसऱ्या खोलीत जाते.

मी तिच्या मागे जात नाही. तिने सांगितलंच तर... ते ऐकायची माझी तयारी नाही.