चौथ्याची जागा

बसा ना, बाकडं मोठं आहे. तुमचंही माणूस आत असेल. माझी मुलगी आहे. वेळ जात नाही, म्हणून कालचं सांगतो.

काल रविवार. दुपारची जेवणं उरकली आणि मी हॉलमध्ये ट्रायपॉड उभा केला. लग्नांचे फोटो काढून पोट भरणारा माणूस मी, पण स्वतःच्या कुटुंबाचा धड एक फोटो घरात नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

काल मात्र फोटो हवाच होता. आमची स्वरदा सात वर्षांची. तिला फिट्स येतात, औषधांनी थांबेनात, म्हणून आज डोक्याचं ऑपरेशन ठरलं. त्याआधी केस उतरवणार. श्रुतिकाने, माझ्या बायकोने, तिच्या दोन लांब वेण्या घातल्या, लाल रिबिनी बांधल्या आणि मला म्हणाली, "प्रीतम, हिचा केसांसकट एक फोटो काढ. आपल्या तिघांचा. उद्या काही..." पुढचं मलाही ऐकायचं नव्हतं.

बोरीवलीला, नॅशनल पार्कच्या कडेला आमची जुनी सोसायटी. रिडेव्हलपमेंटला गेलेली. सगळी बिऱ्हाडं हलली, या ऑपरेशनमुळे आम्हीच तेवढे तिसऱ्या मजल्यावर उरलो. लिफ्ट बंद. इमारतीला बाहेरून हिरवी जाळी लावलेली, त्यामुळे भर दुपारी घरात शेवाळलेल्या विहिरीसारखा उजेड. ट्यूब लुकलुकायची आणि लुकलुकत्या उजेडाने स्वरदाला फिट येते, म्हणून तीही बंद. फ्लॅशचं तर नावच नको.

एवढ्यात कुडाळहून आईचा फोन आला. गुडघ्यांमुळे तिला येता आलं नव्हतं. फोटोचं ऐकताच तिचा आवाज बदलला.

"तिघांचो फोटो काढू नको रे बाबू. मधलो जाता. चौथो म्हणून नारळ ठेव."

एरवी मी हसलो असतो. पण ज्याची पोर उद्या टेबलावर जाणार, त्याला असल्या गोष्टींचं हसू येत नाही. घरात नारळ नव्हता, सकाळीच देवळात फोडला होता. मग श्रुतिकाने माझ्या बाजूला एक रिकामं स्टूल ठेवलं आणि दारात पाहुणा उभा असावा तशी म्हणाली, "या, बसा."

स्वरदा खुदकन हसली. "आई, कोण आलं?"

"कोण नाही गं. आपला चौथा."

मधे स्वरदा, दोन बाजूंना आम्ही, माझ्यापलीकडे ते स्टूल. रिमोट माझ्या मुठीत. पहिला फोटो काळाकुट्ट आला. आयएसओ वाढवला, म्हणजे कॅमेरा कमी उजेडातही बघू लागतो. आम्ही दिसलो, पण अंगावर वाळू उडवल्यासारखे दाणे आले. स्टुलावर दाणे जरा जास्तच दाट होते. काळोख्या कोपऱ्यात असं होतं. मी मनावर घेतलं नाही.

मग आयएसओ उतरवला आणि शटर अर्धा सेकंद उघडं ठेवलं. यात फोटो स्वच्छ येतो, फक्त कुणी हलायचं नाही. नुसत्या श्वासानेही माणूस पुसट होतो.

"स्वरदा, पुतळा हो बघू."

फोटो मोठा करून बघितला. आम्ही तिघंही पुसट होतो. स्टुलावर मात्र दोन गुडघे होते... त्यांवर टेकवलेले दोन हात. नखांतली माती दिसावी इतके स्पष्ट. मनगटांच्या वर काहीच नव्हतं, नुसता अंधार. सगळ्या फोटोत श्वास न घेणारं तेवढंच होतं.

श्रुतिका माझ्या खांद्यावरून बघत होती. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "पुसून टाक." मी पुसला. परत काढला. लेन्स बदलली, कार्ड बदललं, शटर कमी-जास्त केलं. वाट लागली होती माझी. प्रत्येक फोटोत त्यातला एक हात माझ्या पाठीमागून थोडा थोडा पुढे सरकत होता. शेवटी त्याने स्वरदाची वेणी धरली. घरात बंद माळ्यासारखा कुबट वास सुटला होता.

"प्रीतम... मीच बोलावलं ना. मीच पाठवते."

तिने स्टुलासमोर हात जोडले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "चुकलं आमचं. आमची एकच पोर आहे हो. खूप वेळ बसलात... बरं, या आता."

मी रिमोट दाबला. फोटोत स्टूल रिकामं होतं. सुटलो, असं तोंडात आलं आणि तिथेच राहिलं. ते दोन्ही हात आता स्वरदाच्या खांद्यांवर होते. मागून.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. निघालेल्या माणसाला आपल्यात 'जा' म्हणत नाहीत, 'या' म्हणतात. बोलावतानाही 'या' आणि निरोप देतानाही 'या'. आपलं आपल्याला कळतं, पण त्याला काय कळणार? श्रुतिकाने त्याला पुन्हा बोलावलं होतं. आणखी जवळ.

"बाबा," स्वरदा हळूच म्हणाली, "खांदे जड झाले."

माझा धीर सुटला. मी तिच्याकडे वळलो आणि तिच्या खांद्यांवर कुत्र्यासारखा खेकसलो, "जा! जा इथून! आत्ताच्या आत्ता जा!"

रिमोट मुठीत आवळला गेला. शटर वाजलं.

आणि पैंजणांचा आवाज झाला. बारीक, घाईघाईचा, रागावलेलं मूल उठून जातं तसा. तो दारापर्यंत गेला, मग जिन्यात... मग खाली खाली विरत गेला. आमच्या घरात पैंजण एकीच्याच पायांत आहेत. आणि ते पाय माझ्या शेजारी, खुर्चीवरून लोंबत होते.

मी धावत कॅमेऱ्याकडे गेलो. हात नव्हते. स्टूल रिकामं. श्रुतिका पुसट, मी तर नुसताच डाग. मधे स्वरदा. वेणीतला केसन् केस मोजून घ्यावा, रिबिनीची वीण दिसावी, इतकी स्वच्छ.

"बाबा," ती म्हणाली, "मी हललेच नाही."

गेलं गं, गेलं ते, असं म्हणत मी दोघींना कवटाळलं. श्रुतिका आनंदाने रडली. तिला तो फोटो फार आवडला. तिने लगेच आईला पाठवला.

तासाभरापूर्वी स्वरदाला आत नेलं. नर्स म्हणाली, अशी शहाणी मुलगी बघितली नाही. केस उतरवताना रडली नाही, हूं की चूं नाही. श्रुतिका खाली हॉस्पिटलच्या बाप्पासमोर बसलीय.

मघापासून तुम्हाला एकच विचारायचंय. अर्धा सेकंद शटर उघडं असताना जिवंत पोर एवढी स्पष्ट येऊ शकते ना? कॅमेऱ्याचाच काहीतरी दोष असेल ना? हो म्हणा हो...

कारण आत्ता, तुम्ही येण्याआधी, आईचा फोन आला होता. गावात नेट धड चालत नाही, फोटो तिला आज सकाळी मिळाला. 

"फोटो बघलंय रे बाबू," ती म्हणाली. "तुमी दोघांय पुसट दिसतास, तरी वळाकलंय. मधी ह्या कोणाचा पोर बसवलंस? आमच्या स्वरदाक खय धाडलंस?"