स्फटिकाची साल

मे महिन्यात चंद्रपुरात माणसाचं डोकं चालत नाही. आमच्या प्रयोगशाळेत थंड जागा एकच, शीतक यंत्राच्या पोटातली, आणि तिथे माझी विद्यार्थिनी कहकशाँ हिचा काळा स्फटिक बसवलेला. तो पुरेसा गारठला की वीज त्यातून विनाअडथळा वाहते आणि आतले इलेक्ट्रॉन जोड्या जुळवून एका ठेक्यात हेलकावतात. त्यावर लेसर टाकायचा आणि विखुरलेला प्रकाश तपासायचा. हेलकावे असतील तर पडद्यावरच्या आलेखात उंचवटा येतो. तो आला नाही, तर तिची पीएचडी पाण्यात जाणार होती. स्फटिक एवढा एकच होता.

त्या दुपारी उंचवटा आला आणि लगेच वीज गेली. यंत्र थांबलं, लेसर आणि पडदा मात्र बॅटरीवर चालू राहिले. स्फटिक तापला की जोड्या मोडतात आणि उंचवटा मावळतो. यात दुमत नाही.

"सर, हा उंचवटा जाऊन नाई राह्यला," कहकशाँ म्हणाली.

यंत्र उघडलं. स्फटिक कोमट झाला होता, उंचवटा तसाच.

"वरून खराब झाला असेल. थर काढ," मी वैतागून म्हणालो. हा स्फटिक अभ्रकासारखा सुटतो. चिकटपट्टी लावून ओढली की खाली कोरा पृष्ठभाग मिळतो. आमचं रोजचंच काम.

तिने पट्टी ओढली. आवाज ओला आला. पट्टीवर कोरडी पापडी नव्हती, नासक्या दुधावरच्या सायीसारखं काळपट कातडं होतं आणि त्याला तार सुटली होती. उन्हात राहिलेल्या मटणाचा वास आला. मी नाकावर रुमाल बांधला. किळस माझी मलाही आली, कारण मी म्हणालो, "अजून एक."

उंचवटा वाढला. स्फटिक मात्र पातळ होईना.

"बस झालं. फेक ते."

"फेकू काऊन? आत्ताच तं भेटलं."

पट्टी तिच्या अंगठ्याला चिकटली होती. ती ओढत गेली. साल मनगटापर्यंत निघाली.

रक्त नव्हतं. खाली काळं, चकचकीत.

"दुखत नाई, सर."

तिने स्फटिक काढून ठेवला आणि त्या जागी हात धरला.

इतका स्वच्छ उंचवटा आम्ही कधी पाहिला नव्हता.

तिने दातांनी नवी पट्टी तोडली, कोपराजवळ चिकटवली. "एका हातानं जमून नाई राह्यलं. तुम्ही ओढा ना, सर."

मी नाकावरचा रुमाल खिशात ठेवला आणि पट्टीचं टोक धरलं.