शनिवारचा शिपाई

सिंगापुरातल्या गेलांगच्या बाजारात भर दुपारी पाऊस कोसळला आणि एक उंच तरुण सिआहच्या मावशीच्या गाडीवरच्या ताडपत्रीखाली घुसला. केस अगदी बारीक, कानांवरून नुकताच वस्तरा फिरलेला.

"सुट्टीवर वाटतं?" वाफेवरच्या पुतुवर, तांदळाच्या गूळभरल्या वड्यांवर, ओलं खोबरं भुरभुरत सिआहनं विचारलं.

तो गडबडला. "हो... म्हणजे, शनिवारी सोडतात ना."

"कुठली पलटण?"

"ते सांगायचं नसतं."

"बरं बाई, देशाचं गुपित! पुतु किती देऊ, ते तरी सांगाल?"

पुतुतला गरम गूळ ओठांना चटकला तरी त्यानं चेहरा शिपायासारखा ठेवला. सिआहला हसू आवरेना. नाव जुनैदी, एवढंच त्या दिवशी कळलं.

मग तो दर शनिवारी यायला लागला, पाऊस असो नसो. अहो-जाहो सुटलं, अरे-तुरे सुरू झालं. मावशी मुद्दाम पाणी आणायला जायची आणि परत यायला चांगला वेळ लावायची.

सिंगापुरात तेव्हा अठरा वर्षं झाली की मुलाला पलटणीत जावंच लागे. शेजारच्या चिनी मुलांना बोलावणं यायचं, आपल्या बहुतेक मलय पोरांना यायचं नाही. का, ते कुणी सांगत नसे. येणारच नाही, असंही सांगत नसे, आणि खरी गोम तिथंच होती. कारखान्याचा साहेब पहिला प्रश्न विचारायचा, "लष्कर झालं?" नाही म्हटलं की कायमची नोकरी विसरा, उद्या हा पलटणीत गेला तर याच्या जागी कोण? सिआहचा मोठा भाऊ रोस्ली असाच घरात बसून होता. बोलावणं आलं तर तयार असावं म्हणून केस मात्र नेमानं कापायचा.

एका शनिवारी तिनं गाडीवरचं फडकं उगाच दोनदा पिळलं.

"शुक्रवारी मला बघायला येतायत. मुलगा पोलिसात आहे. बाबा खूश आहेत."

जुनैदीच्या हातातली पुतु तशीच राहिली. "चांगलंय की," तो म्हणाला. मग खाली मान घालून, "सिआह, मी... मी शिपाई नाही. मला बोलावणंच आलेलं नाही. बंदरावर हमाली करतो, तीही मिळेल तेव्हा."

"माहितीये."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. पलटणीतल्या पोरांचे पाय बुटात राहून पांढरेफटक होतात. तू आलास ते सपाता घालून, पाय उन्हानं काळे, वर पट्ट्यांचे डाग!"

"मग बोलली का नाहीस?"

"तू कधी बोलतोस ते बघत होते. किती उशीर लावलास... जीव टांगणीला लागला होता माझा." तिनं फडकं गाडीवर आपटलं. "आता तोंड काय बघतोस? शुक्रवारच्या आत तुझ्या आईला पाठव."

"आई सांगणार काय? मुलाला नोकरी नाही म्हणून?"

"जे आहे तेच. खोटं बोलायला तू एकटा पुरेसा आहेस."

गुरुवारी संध्याकाळी जुनैदीची आई पानाचं तबक घेऊन मागणी घालायला आली. सिआह स्वयंपाकघरात कॉफी ढवळत होती. साखर केव्हाच विरघळली होती, तरी ढवळत होती. रोस्ली बाहेर पायरीवर बसला होता.

"मुलगा काय करतो?" बाबांनी विचारलं.

"बंदरावर हमाली करतो," जुनैदीची आई म्हणाली. "बाकी तुमचा मुलगा करतो तेच. वाट बघतो."

बाहेर रोस्लीनं मान वळवली. बाबा त्याच्या भादरलेल्या डोक्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तबक जवळ ओढलं, एक पान घेतलं आणि चुना लावायला सुरुवात केली.

"सिआह," त्यांनी हाक मारली, "कॉफी आण. आणि पोलिसवाल्यांना उद्या येऊ नका म्हणून निरोप धाड."

पुढचे कितीतरी शनिवार जुनैदी येत राहिला. केस हळूहळू कानांवर उतरले होते.

"कापत का नाहीस रे?" एकदा सिआहनं चिडवलं.

"बोलावणं आलं तर तेच कापतील, फुकट." त्यानं पुतु फुंकून तिच्यापुढे धरली. "तोवर लग्नात जरा बरा दिसेन."

सिआहनं घास घेतला. गूळ या वेळी तिला चटकला.