मैदानाखालचा रस्ता

"तलाव बांधून झाला की पहिली उडी माझी," केफंग म्हणाला. "तसं मी जाहीर करून टाकलंय."

"कुणासमोर? कोंबड्यांसमोर?" शुआंगने विचारलं.

ल्वोयांगच्या जुन्या भागातल्या त्यांच्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. मैदानाच्या कुंपणावर तिघं बसली होती: बारा वर्षांची शुआंग, तिचा चुलतभाऊ केफंग आणि शेजारची मानमान. मानमान होती नऊ वर्षांची, पण तोंड नव्वदीचं. उद्या सकाळी पोहण्याच्या तलावासाठी खोदाईचं यंत्र येणार होतं. केफंग खुशीत होता. शुआंगला मात्र काही गोड लागत नव्हतं.

कारण होते तिचे दोउआजोबा. त्यांनी चाळीस वर्षं या शहराची जमीन चाचपली होती. ल्वोयांगमध्ये पाया खणायचा तर आधी लांब दांड्याच्या, पन्हाळीसारख्या पात्याच्या फावड्याने खोल भोकं पाडायची आणि वर येणारी मातीची कांडी वाचायची, हा इथला रिवाजच. तेरा राजघराण्यांनी इथे राजधानी केली. एकाने जाळली, दुसऱ्याने त्याच राखेवर पुन्हा उभारली. अशा गावात मुळा लावायला खड्डा केला, तरी कुणाचं तरी कौल हाताला लागायचं.

तरुणपणी या मैदानात विहीर खणताना आजोबांना खाली रस्ता दिसला होता. माती ठोकून ठोकून घट्ट केलेला, गाड्यांच्या चाकोऱ्या पडलेला. दुसऱ्याच दिवशी विहीर ढासळली. नोंद झाली नाही आणि कुणाचा विश्वासही बसला नाही.

या वेळी चाचपणी निंगकाकांच्या टोळीकडे होती. परवा आजोबांनी त्यांना रस्त्याचं सांगितलं, तर ते चारचौघांत हसले. "आजोबा, वय झालं की माणसाला जमिनीखालचं दिसायला लागतं!"

 तेव्हापासून आजोबा पारावर बुद्धिबळ खेळायला गेले नव्हते. शुआंगला तेच सहन होत नव्हतं.

"चला, निदान कांड्या तरी बघू," ती कुंपणावरून उतरली.

प्रत्येक भोकापाशी कांड्या ओळीने मांडल्या होत्या, वरच्या थरापासून खालच्या थरापर्यंत, आणि शेजारी आकड्याची पाटी. पहिल्या पाच ओळींत राख होती, कौलांचे तुकडे होते. सहाव्या ओळीपासून मात्र सगळी माती सारखीच, मऊ आणि तपकिरी.

"सतरा नंबर, खोली चार मीटर," शुआंगने पाटी वाचली. "इतक्या खाली एवढी भुसभुशीत?"

मानमानने तिथली एक कांडी मोडली. आतून बोटभर मूळ निघालं. तिने ते नाकाशी नेलं. "औषधाच्या दुकानाचा वास येतोय. हे पिओनीचं मूळ."

यात कुणाचंही दुमत होणं शक्य नव्हतं. दर वसंतात शाळेतला पिओनीच्या फुलझाडांचा वाफा मुलांनाच खुरपावा लागे.

"पिओनीचं मूळ चार मीटर खाली कशाला जाईल?" केफंग म्हणाला. "आजोबांच्या विहिरीवर पाणी प्यायला?"

तिघं शाळेमागे पळाली. वाफ्यातली झाडं माना टाकून उभी होती आणि त्यांच्यामध्ये ताजी, बुजवलेली भोकं होती. सहाव्या ओळीपासूनची माती इथून नेऊन तिकडे मांडली होती!

"म्हणजे मैदानाच्या मधोमध त्यांचं फावडं आत गेलंच नाही," शुआंग म्हणाली.

का गेलं नाही, हे तिघांनाही कळलं.

"गेला माझा तलाव," केफंगने सुस्कारा सोडला. मग त्याने बाह्या सरसावल्या. "बोल, काय करायचं?"

परत येतात तो निंगकाका हातगाडी घेऊन कांड्या उचलायला लागले होते. पहिल्या तीन ओळी गेल्याही होत्या. मानमान घरून पाव वाफवायची बांबूची टोपली घेऊन धावत आली. केफंग थेट निंगकाकांसमोर जाऊन उभा राहिला.

"काका, तलाव खोल कुठल्या बाजूला आहे? मला उलटी उडी मारायचीय. डोकं आपटलं तर जबाबदार कोण? नकाशा दाखवा ना."

निंगकाकांनी वैतागून नकाशा उघडला. तेवढ्यात शुआंगने सतरा नंबरच्या कांड्या पाटीसकट टोपलीत ठेवल्या आणि मानमानने वर दोन पाव मांडले.

"त्यात काय आहे?" निंगकाकांनी विचारलं.

"पाव. घ्या ना," मानमान म्हणाली. "परवाचे आहेत, पण वरची बुरशी पुसलीय."

निंगकाकांनी तोंड वाकडं करून हात झटकला.

तिघांनी टोपली थेट पुरातत्त्व कार्यालयात नेली. तिथल्या गेंगबाईंनी टोपलीतलं मूळ हुंगलं, पाटी पाहिली आणि टोपी डोक्यावर चढवली. "तुमच्या आजोबांना बोलवा. फावडं घेऊन या म्हणावं."

दुपारी अर्धी गल्ली मैदानात जमली होती.

"फावडं आतच जाईना हो, बाई," निंगकाका खाली मान घालून म्हणाले. "यंत्र यायची तारीख ठरलेली. वाटलं, असेल एखादा दगडबिगड."

"फावडं जाईना, हेच तर लिहायचं असतं," गेंगबाई म्हणाल्या. "खोदाई थांबवा. आणि कार्यालयात येण्याआधी त्या झाडांना पाणी घाला."

आजोबांनी मधोमध फावडं रोवलं. वर उचलायचं, सोडायचं, किंचित फिरवायचं. ते दमले की केफंग दांडा धरत होता. मीटरभर खाली पोचल्यावर आवाज बदलला. आजोबांनी हात थांबवला, कान दिला आणि मग सगळा जोर लावला. वर आलेली कांडी त्यांनी शुआंगच्या ओंजळीत ठेवली.

"वाच."

याच भोकातून आधी निघालेल्या कांड्या शुआंगसमोर ओळीने मांडल्या होत्या. ती वरून सुरुवात करत म्हणाली, "ही काळी माती आपल्या मैदानाची. ही राख, इथे काहीतरी जळलंय. हे चिनी मातीच्या भांड्याचे तुकडे. आणि ही..."

तिने हातातली कांडी वाकवली. तिचे सरळ, चपटे पापुद्रे सुटले, एकावर एक, प्रत्येक घट्ट चोपलेला.

"ही ठोकून घट्ट केलेली माती. रस्ता आहे, आजोबा. तुम्ही पाहिला होता तोच."

गेंगबाईंनी पापुद्रे निरखले आणि मान हलवली. "रस्ताच. दोउआजोबा, तुमची नोंद पन्नास वर्षं उशिरा होतेय, माफ करा. आणि पोरांनो, तुमच्यामुळे होतेय, हेही मी लिहिणार आहे."

"तलाव शाळेच्या पलीकडे हलवू," मुख्याध्यापक म्हणाले. "आणि पहिली उडी केफंगची."

"उलटी!" केफंग ओरडला.

आजोबांनी फावड्याचं पातं पुसलं आणि दांडा शुआंगच्या हातात दिला. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज ठणठणीत होता.

"पन्नास वर्षं मी एकटाच म्हणत होतो. आता आपण दोघं झालो. हे घरी ने. मी जरा पारावर जाऊन येतो."