सडावाडीचे मार्गबिंदू

दर मंगळवारी सकाळी दवाखान्याची गाडी घोटण्यात येऊन उभी राहायची. तिला चालक नव्हता आणि सुकाणूही नव्हतं. तपासणीची खाट, औषधांचं कपाट आणि एक नर्स घेऊन ती गावोगाव फिरायची. मात्र घोटण्याच्या पुढे ती कधी गेली नाही. वर चार किलोमीटरवर सडावाडी होती, अकरा घरांची. तिथला रस्ता तिच्या नकाशात नव्हता, आणि नकाशात नसलेल्या रस्त्यावर चाक घालायचं नाही, असा तिला कायदाच होता.

हिंदुराव कदमांची धाकटी बहीण अनुसया त्या अकरांपैकी एका घरात राहायची. तिला साखरेचा आजार होता आणि महिन्याभरापासून पायाची जखम चिघळत होती. डोलीत बसून खाली यायला ती तयार नव्हती. "मेल्यावर न्या तसं," एवढंच म्हणायची.

हिंदुरावांनी वीस वर्षं त्या वाटेवर वडापची, माणसं भरून नेणारी जीप चालवली होती. पाच वर्षांपूर्वी घाटात माणसानं गाडी चालवायला बंदी आली, तेव्हापासून जीप परड्यात ताडपत्रीखाली होती.

नकाशा विभागातली रेश्मा मुल्ला चौकशीला आली ती त्यांच्याच अर्जामुळे. तिशीतली मुलगी, बोलायला साधी. ओसरीवर चहा घेत तिनं अडचण सांगितली. नऊ वर्षांपूर्वी दरड कोसळली, तेव्हा रस्ता नकाशातून काढला. लोकांनी दरड उपसली, पण रस्ता परत नकाशात घालायचा राहिला. आता वरून पाहावं तर नुसती झाडी दिसते.

"पुरावा लागतो, काका. गाडी खरंच गेली होती, असा."

"माझी जीप रोज दोनदा जायची की."

"त्याची नोंद कुठं असेल?"

हिंदुरावांनी ताडपत्री ओढली. जीपच्या पुढच्या फळीत एक काळा डबा बसवलेला होता. जपानहून जुन्या गाडीबरोबर आलेला तो दिशादर्शक त्यांनी कराडच्या भंगारातून उचलला होता. त्याच्या खाचेत नकाशाची चकती घालायची, म्हणजे वाट दिसायची. पण नकाशा जपानचा. हिंदुरावांनी ती चकती काढून भेदिकाच्या शाहिरीची चकती घातली. डबा शाहिरी वाजवायचा आणि पडद्यावर कोरी पांढरी भूमी दाखवायचा; त्या पांढऱ्यावर जीपमागे ठिपक्यांची रांग उमटत जायची. मधूनच एक बाई जपानीत काहीतरी बजावायची, तेव्हा मागं बसलेल्या बायका तिला मराठीत उत्तरं द्यायच्या.

रेश्मा कप तसाच ठेवून उठली. "हे ठिपके म्हणजे मार्गबिंदू. गाडी कुठं होती त्याची खूण. उपग्रह दिसेल तिथं त्याच्याकडून, आणि झाडीत तो दिसेनासा झाला की चाकाच्या गतिस्पंदावरून. चाक किती फिरलं, गाडी किती वळली, यावरून हा डबा स्वतःच जागा ठरवायचा. नकाशा नसला तरी."

"आंधळा माणूस पावलं मोजत घरी येतो तसा?"

"तसाच."

डब्याची स्मृती लहान होती. जुनं पुसत नवं लिहिता लिहिता शेवटच्या चार वर्षांच्या खेपा उरल्या होत्या, म्हणजे दरडीनंतरच्याच. रेश्माने त्या एकमेकींवर ठेवल्या, आणि हजारो ठिपक्यांतून सडावाडीचा रस्ता सापाच्या अंगासारखा वळत वर आला. शिवाय प्रत्येक खड्ड्याला चकती उडी मारायची, तेव्हा डबा 'वाचन खंडित' अशी नोंद करायचा. त्या नोंदींवरून खड्डेही सापडले. हिंदुराव एकेका नोंदीवर बोट ठेवत म्हणाले, "हा हिरड्याखालचा. ही मोरी. इथं शाहीर कायम अडखळायचा."

तिसऱ्या मंगळवारी परवानगी आली. गाडीत नर्स होती, रेश्मा होती आणि पुढच्या आसनावर हिंदुराव. पहिल्या वळणाला त्यांचा उजवा पाय आपोआप दाबला गेला. खाली ब्रेक नव्हता. गाडीनं मात्र वेग बरोबर तिथंच कमी केला.

खड्या चढाच्या पायथ्याशी ती थांबली. दारं उघडली, मिटली. मग चढ चढून माथ्यावर पुन्हा उभी राहिली, आणि हलेना.

"बिघडली का?" नर्सनं विचारलं.

रेश्माने हातातला पडदा पाहिला. "नाही. वर जाताना प्रत्येक खेपेला जीप इथं आठेक मिनिटं थांबलेली आहे. रस्त्याचाच भाग समजून ही ते शिकलीय."

हिंदुराव खाली उताराकडे बघत होते. "भरल्या जीपला चढ झेपायचा न्हाई," ते म्हणाले. "समदी खाली उतरायची. मी मोकळी जीप वर आणून वाट बघायचो. बाजाराच्या पिशव्या जीपमध्येच असायच्या, तरी म्हाताऱ्यांना वेळ लागायचा. गोदाक्का सगळ्यांत शेवटी. आल्या आल्या म्हणायची, गेला न्हाईस व्हय रं?"

"त्या आता...?"

"गेली. बाकीचीबी बरीच गेली, न्हाईतर पोरांकडं पुण्याला."

आठ मिनिटं झाली. दारं उघडली, मिटली आणि गाडी निघाली.

अनुसयेच्या अंगणात ती उभी राहिली तेव्हा अकराही घरांची माणसं बाहेर आली. नर्सनं जखम धुतली, औषध भरलं, पट्टी बांधली. वेळेत आलो म्हणून पाय वाचेल, म्हणाली. अनुसया गाडीकडं निरखून बघत होती. "दादा, हिला चालवतंय कोण?"

"मीच, म्हण की," हिंदुराव म्हणाले.

निघण्याआधी रेश्मा पडदा घेऊन ओसरीवर हिंदुरावांशेजारी बसली. "काका, हा रस्ता आता कायमचा नकाशात जाईल. पुढं येणारी प्रत्येक गाडी हिच्याकडूनच शिकेल. ती आठ मिनिटं काढून टाकू ना? नाहीतर सगळ्याच गाड्या माथ्यावर थांबत राहतील. का थांबायचं, ते कुणालाच ठाऊक नसेल."

तिचं म्हणणं खरं होतं. एखाद्या दिवशी याच गाडीत कुणीतरी जिवाच्या घाईत असेल. हिंदुरावांनी मान हलवायचा प्रयत्न केला, पण ती हलली नाही.

अनुसया उंबऱ्यावर पाय लांब करून सगळं ऐकत होती. तिनं विचारलं, "आणि कुणी चालत येतच असलं तर?"