पाईपातले लाल तांदूळ

बुधवारी सकाळी विनिताने खुराड्याचं दार उघडलं आणि एकही कोंबडी बाहेर आली नाही. कोंबड्यासकट चौदाच्या चौदा आडव्या पडल्या होत्या.

बेलवलीतल्या त्या परसात अक्षदा पोचली, तेव्हा विनिताच्या सासऱ्याने, कमळाकरने, गुन्हेगार पकडूनही ठेवला होता. अक्षदा जनावरांच्या सरकारी दवाखान्यातली पर्यवेक्षक. तिने फक्त अहवाल लिहायचा, शिक्षा कमळाकरच देणार होता. त्याच्या एका हातात कोयता होता, दुसऱ्या हातात भाडेकरू बाळाजीची कॉलर.

"लिहा मॅडम, यानेच विष घातलं. आधी याचे हात तोडतो, मग पोलिसात देतो."

"कशावरून?"

"कोंबडा आरवतो म्हणून रोज भांडायचा. सगळ्या मारून टाकीन बोलला होता. आणि पहाटे इथंच उभा होता."

बाळाजी मान सोडवू पाहत म्हणाला, "आज कोंबडा ओरडला नाही म्हणून बघायला आलो, मॅडम. आठ दिवस गावाकडं होतो, सोमवारी रात्री परत आलो."

"सोमवारचं काय सांगतोस? कोंबड्या आज मेल्यात."

कमळाकरचं म्हणणं बरोबर वाटत होतं, हीच पंचाईत होती.

अक्षदा दाण्याच्या पाईपाकडे वळली. बोअरवेलच्या उरलेल्या पाईपाचा पुरुषभर उंच तुकडा. वरून भरायचा, खालच्या वाकड्या तोंडातून कोंबड्या खाणार. कमळाकरने व्हिडिओ बघून तो स्वतः बनवला होता आणि आल्यागेल्याला त्याचं कौतुक ऐकावंच लागे. एकदा भरला की सहा दिवस बघायला नको.

"हा भरतं कोण?" अक्षदाने विचारलं.

"मी," विनिता म्हणाली. "गुरुवारी सकाळी तांदळाची कणी घालून गच्च भरला. रविवारी वर जागा झालेली, तिथं मका ओतला. आत डोकावून नाही बघितलं."

"मधल्या दिवसांत कोण आलं होतं?"

विनिताने सासऱ्याकडे चोरून पाहिलं. "शनिवारी मोतीआत्या. बाबांची मोठी बहीण. आजीचं श्राद्ध होतं. आजीला आवडायचे म्हणून नैवेद्याला लाल तांदूळ घेऊन आल्या. आमच्याकडे ते कोण खात नाही."

"मग शिजवले?"

"बाबांनी घरातच घेतले नाहीत. आत्यांना पण इथंच मागच्या दारी पान वाढलं."

"घरच्या गोष्टी कशाला उकरतेस?" कमळाकर खेकसला. "ती शनिवारीच अंबरनाथला परत गेली. तिचा काय संबंध?"

अक्षदाने पाईप आडवा केला आणि काठीने दाणे हळूहळू गोणपाटावर ओढले. तोंडाशी काळ्या भुकटीत माखलेले लाल तांदूळ होते. त्यांच्यामागे स्वच्छ पिवळा मका. पडवीच्या फळीवर उंदराच्या औषधाचा डबा होता. तिने झाकण उघडलं. भुकटी तीच.

"कॉलर सोडा," ती म्हणाली. "कोंबड्या आज मेल्या, पण विष आज घातलेलं नाही. पाईपात आधी पडेल ते आधी खाली येतं. विष मक्याच्या खाली आहे, म्हणजे रविवारच्या आधीच पडलं. त्याच्याखाली गुरुवारची कणी होती, ती सहा दिवस पुरली. काल संध्याकाळी ती संपली आणि विष तोंडाशी आलं. विष पडलं तेव्हा बाळाजी गावाला होते. आणि लाल तांदूळ या परसात एकाच माणसाने आणले."

"मोतीबाय असं कशाला करील?"

"ते तिलाच विचारा. फोन लावा, सगळ्यांना ऐकू येईल असा."

मोतीबाईने पहिल्याच रिंगला उचलला. "मेल्या का?"

कमळाकरने कोयता खाली टाकला.

"मीच घातलं. आय गेल्यावर गोड बोलून हक्कसोडावर सही घेतलीस. बोललास, बाय, तुझं माहेर तुटणार नाय. चार वर्सांत एका भाऊबीजेला बोलावलंस? आयच्या श्राद्धाला मना खुराड्याशेजारी जेवाला बसवलंस, आयचा तांदूळ बाहेर ठेवलास. मग मी तो तुझ्या कोंबड्यांना घातला. मना जरा पन वाईट वाटत नाय."

"राहू द्या, मॅडम," कमळाकर पुटपुटला. "घरातली गोष्ट आहे. लिहू नका."

"माझे हात तोडायला निघालेलात, तेव्हा लिहा लिहा म्हणत होतात," बाळाजी म्हणाला.

"लिव गो पोरी," फोनमधून मोतीबाई म्हणाली. "माझं नाव पुरं लिव, बापाच्या नावासकट. सातबाऱ्यावरनं यानं पुसलं, तुझ्या कागदावर तरी राहू दे."

अक्षदाने पेन काढलं आणि कमळाकरकडे पाहिलं. "वडिलांचं नाव सांगा."