एकाच तळ्याचे दोन आकडे

"सामू साडेआठ!" पंडितने काचेची नळी उन्हात धरून ऐटीत जाहीर केलं. नळीतलं तळ्याचं पाणी औषधाच्या चार थेंबांनी निळसर झालं होतं.

"शाबास!" मामा खूश झाले. "मुकादम, आजपासून दुपारी चारचं माप हीच घेईल. काय नजर आहे पोरीची!"

झालं! भिंगरीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मामांच्या मत्स्यबीज केंद्रावर ती दर सुट्टीत यायची. जाळी धुवायची, खाद्य टाकायची, बोटाएवढी माशांची पिल्लं म्हणजे बोटुकली मोजायची. एवढ्या वर्षांत मामांनी औषधाच्या बाटलीला तिला हात लावू दिला नव्हता. आणि ही चष्मेवाली मावसबहीण, पुस्तकी किडा म्हणून सगळ्यांची 'पंडित', पहिल्यांदाच आली, तीही परवा! कानामागून आली आणि तिखट झाली!

"सामू म्हणजे काय गं ताई?" भिंगरीच्या धाकट्या भावाने विचारलं. त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे, म्हणून सगळे त्याला भोपू म्हणत.

"पाण्यात आम्ल किती ते सांगणारा आकडा," पंडितच मध्ये बोलली. "सात म्हणजे मधोमध. त्याच्या खाली गेला की आम्ल वाढलं, वर गेला की आम्लारीपणा, म्हणजे आम्लाच्या उलटा गुण, वाढला."

"तो मला विचारत होता!" भिंगरी फणकारली.

मुकादमकाकांनी जांभई दिली. "साडेआठ म्हणजे जरा जास्तच. टाकतो रोजच्यासारखं मगभर आम्ल. शनिवारी बोटुकली न्यायला गाडी यायचीय, उगाच जोखीम नको." हातमोजे चढवून त्यांनी पातळ केलेलं आम्ल तळ्यात ओतलं आणि खोलीत जाऊन आडवे झाले.

रात्रभर भिंगरी कूस बदलत राहिली. पंडितचं माप चुकीचं निघालं तर? निघायलाच हवं! पहाटे सगळे झोपेत असताना तिने बाटली आणि रंगांचा तक्ता उचलला, तळं गाठलं आणि नळीत पाणी घेऊन थेंब टाकले. पाणी पिवळट झालं. सामू साडेसहा!

"हात्तिच्या! कुठे साडेआठ आणि कुठे साडेसहा!" ती एका पायावर नाचलीच. दुसऱ्या पहाटे आला सहा. तिसऱ्या पहाटे साडेपाच. पंडित मात्र रोज चारला साडेआठच सांगत होती. भिंगरीने सगळे आकडे वहीत लिहिले. शुक्रवारी चहाच्या वेळी, सगळ्यांसमोर, अशी फजिती करीन म्हणावं की पंडितबाईंचा चष्माच गळून पडेल!

पण शुक्रवार वेगळाच उजाडला. सकाळी तळ्याच्या काठाशी शे-दीडशे बोटुकली मरून तरंगत होती. उरलेली सुस्तपणे काठाला चिकटली होती.

"हवेचा पंप बंद पडला का?" मामांचा आवाज चिरकला.

"पंप ठणठणीत आहे," मुकादमकाका म्हणाले. "मी आम्ल टाकतो ते या पोरीच्या आकड्यावर. आता तिनेच रंग चुकीचा वाचला असेल, तर माझा काय दोष?"

पंडितचा चेहरा पांढराफटक पडला. "मामा, मी नीट बघितलं होतं. खरंच!"

"चूक माझीच," मामा कोरडेपणाने म्हणाले. "पोरांच्या हातात काम दिलं. ती बाटली ठेव खाली. उद्या सकाळी तुला घरी पोचवतो."

भिंगरीच्या मनात गुदगुल्या झाल्या. खोटं कशाला सांगायचं, झाल्याच! आता नुसती वही पुढे केली की पंडितच्या चुकीवर शिक्कामोर्तब. पण पक्कं काम करावं म्हणून ती चार वाजता गुपचूप पुन्हा तळ्यावर गेली. थेंब टाकले. नळी हलवली.

निळसर! साडेआठ!

तिने नळी धुऊन पुन्हा माप घेतलं. पुन्हा साडेआठ. म्हणजे पंडित चुकली नव्हती. आणि पहाटे तीही चुकली नव्हती!

आता आली का पंचाईत! पंडितची चूक नाही, हे सगळ्या जगात एकट्या भिंगरीला ठाऊक होतं. गप्प बसली तर उद्या ही चष्मेवाली घरी जाणार आणि मामा पुन्हा तिच्या एकटीचे. किती सोपं होतं! पण चोर सोडून संन्याशाला फाशी? आणि उद्या पहाटे तळ्यात आणखी किती मरतील? चरफडत, स्वतःवरच चिडत ती पंडितकडे गेली. पंडित बॅग भरत होती आणि नाक पुसत होती.

"हे बघ," भिंगरीने वही आपटली. "तुझी चूक पकडायला लिहिलं होतं. पकडता नाही आली."

पंडितने आकडे पाहिले आणि रडायचंच विसरली. "तू पहाटे मोजलंस? रोज? अगं, हे मला सुचलंच नाही!" ती दारात डोकावणाऱ्या भोपूला म्हणाली, "भोपू, एक स्ट्रॉ आण!"

तळ्यावर जाऊन तिने पेलाभर पाण्यात थेंब टाकले आणि भोपूला म्हणाली, "यात हळूहळू फुंक. पाणी तोंडात ओढलंस तर बघ!"

भोपूने गाल फुगवून फुंकलं. बुडबुडे आले आणि निळसर पाणी बघता बघता हिरवं, मग पिवळट झालं!

"माझ्या तोंडात आम्ल आहे?" भोपू किंचाळला.

"तुझ्या श्वासात कार्बन डायऑक्साइड आहे. तो पाण्यात विरघळला की थोडं आम्ल तयार होतं. रात्रभर मासे आणि शेवाळ श्वास सोडतात, म्हणून पहाटे आम्ल जास्त. उन्हात शेवाळ तोच वायू खाऊन टाकतं, म्हणून दुपारी कमी."

भिंगरीने ते पाणी मोठ्या बाटलीत ओतलं आणि बाटली खदाखदा हलवली. वायू उडून गेला, पाणी पुन्हा हिरवट होऊ लागलं. "हे तर जातं आणि परतही येतं!"

"तोच समतोल! पाण्यातले सोड्यासारखे क्षार सामूला फार हलू देत नाहीत. पण मुकादमकाका रोज आम्ल ओततात आणि ते आम्ल क्षारांना संपवतं. मग दुपारी सगळं छान, आणि पहाटे—"

"पहाटे आकडा कोसळतो!" भिंगरी ओरडली.

तिघं धावतच मामांकडे गेली. मामांनी ऐकून घेतलं. मुकादमकाका मात्र हसले. "उंटावरचे शहाणे! अरे, मी रोज सकाळीही मोजतो. खोलीतला नोंदींचा तक्ता बघा. सकाळचा सामू रोज सात!"

"खरंच की!" भोपू धावत खोलीत गेला आणि तक्त्यापुढे उभा राहून भोंग्याच्या आवाजात वाचू लागला. "बुधवार सकाळ, सात. गुरुवार सकाळ, सात. शुक्रवार सकाळ, सात. शनिवार सकाळ, सात. काका, शनिवार तर उद्या आहे ना?"

मुकादमकाकांच्या कपाळाला घाम फुटला. "साहेब, ते... सकाळी जरा डोळा लागतो. सात वर्षांत कधी बिघडलं नव्हतं, म्हणून..."

"म्हणून आठवडाभराचं एकदम लिहून टाकलंत!" मामा गरजले. "आम्ल बंद! खायच्या सोड्याचं पोतं काढा! आणि पोरीची आधी माफी मागा."

मुकादमकाकांनी मान खाली घालून माफी मागितली. रात्र व्हायच्या आत त्यांनीच सोडा बादलीत विरघळवून थोडा थोडा तळ्यात सोडला. शनिवारच्या पहाटे भिंगरीने मोजला तेव्हा सामू सात होता, आणि एकही बोटुकली मेली नव्हती. गाडी दोन दिवस उशिरा आली, पण भरून गेली.

"भिंगरे, तुझ्या वहीने तळं वाचवलं!" मामांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली. पंडित सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती. ते बघून भिंगरीला कसंसंच झालं.

"मामा, मी तळ्यासाठी नव्हतं लिहिलं," ती एका दमात बोलून गेली. "हिला तोंडघशी पाडायला लिहिलं होतं. मला हिचा हेवा वाटत होता. अजूनही थोडा वाटतो."

मामांनी तिची वही हातात घेतली. "हेव्यापोटी आकडे लिहिलेस, पण एकही खोटा लिहिला नाहीस. आणि तिच्या बाजूने बोलायची वेळ आली तेव्हा वही लपवली नाहीस. याला मी शाबासकी देणार नाही तर कशाला देणार? आजपासून पहाटेचं माप तुझं, दुपारचं हिचं."

"चालेल!" पंडित म्हणाली. "पण मी उद्या पहाटे तुझ्याबरोबर येणार. तुझं माप तपासायला!"

"ये की," भिंगरी म्हणाली. "मग मीही चारला येते."